तुमचे प्रश्न : मेंदूला सूज नक्की कोण आणतं?

नमस्कार. गेल्या काही महिन्यांत या पानासाठी आलेल्या मेलमध्ये मेंदूच्या आजारांबद्दलचे प्रश्न खूप वाढलेत, आणि आजाराचं नाव दरवेळी वेगळं असलं तरी खोदून बघितलं की प्रश्न एकच असतो, मेंदूला सूज आली म्हणजे आत नेमकं झालं काय. म्हणून यावेळी तसे सगळे एकत्र घेतलेत. नावं गाळलीत, गावं ठेवलीत. औषधांबद्दल लिहिलंय ते समजून घेण्यापुरतं आहे, डोस बदलायचा किंवा बंद करायचा तर आपल्या न्यूरोलॉजिस्टला विचारूनच.

प्रश्न : माझी बहीण 29 वर्षांची आहे. तिला एका डोळ्याने अचानक अंधुक दिसायला लागलं, डोळा फिरवला की दुखायचा आणि लाल रंग फिका दिसायचा. एमआरआयमध्ये मेंदूत पांढरे डाग निघाले, डॉक्टर म्हणाले एमएस आहे, तिच्याच इम्युनिटीने मेंदूवर हल्ला केलाय. मेंदूच्या रक्तवाहिन्या सीलबंद असतात असं कॉलेजात शिकलो होतो, मग रक्तातल्या पेशी आत गेल्याच कशा? आणि घरचे सगळे तिला इम्युनिटी वाढायला म्हणून गुळवेल, काढे देतायत, ते चालू ठेवायचं का? — एक भाऊ, सांगली

उत्तर : आधी बहिणीचं बोलू. तिला झालं ते ऑप्टिक न्यूरायटिस, म्हणजे डोळ्याच्या नसेला सूज, आणि मल्टिपल स्क्लेरोसिसची, म्हणजेच एमएसची, सुरुवात बऱ्याच जणांमध्ये अशीच होते, लाल रंग फिका दिसणं तर अगदी ठरलेली खूण. नजर बहुतेकांची काही आठवड्यांत बरीचशी परत येते, त्यामुळे धीर सोडू नका.

आता सीलबंद वाहिन्यांचं. कॉलेजात शिकवलं ते खरंय पण अर्धं. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की पॉल एर्लिशने 1885 च्या सुमाराला प्राण्यांच्या रक्तात रंग टोचला तेव्हा बाकी अवयव रंगले आणि मेंदू तेवढा कोरा राहिला. पुढे 1948 ला पीटर मेडावारने सशांच्या मेंदूत परक्या कातडीचे तुकडे ठेवून बघितले आणि ते टिकले, यावरून पुस्तकांत बसलं की इम्युनिटी मेंदूपर्यंत पोचतच नाही. पण मेडावारच्याच प्रयोगाचा दुसरा भाग सहसा कुणी सांगत नाही, त्या सशाला आधी अंगावर तीच परकी कातडी लावून झालेली असेल तर मेंदूतला तुकडासुद्धा शरीर नाकारायचं. म्हणजे पेशी बाहेर कुठेतरी आधी जागी झालेली असली की ती आत पोचते. एमएसची सगळी गोष्ट या एका निकालात आहे असं मला वाटतं.

तर हे जागं होणं लिम्फ नोडमध्ये, म्हणजे मानेत, काखेत वगैरे असलेल्या प्रतिकारशक्तीच्या छोट्या गाठींमध्ये होतं. डेंड्रिटिक सेल नावाची पेशी प्रथिनाचा छोटा तुकडा आपल्या अंगावर मांडून फिरत असते, तो ज्या टी सेलला (प्रतिकारशक्तीची एक पांढरी पेशी) जुळतो ती टी सेल वाढायला लागते, एकीच्या हजारो होतात आणि त्यांच्या अंगावर चिकटायला लागणारे रेणू येतात. मग ही पेशी रक्तातून मेंदूच्या वाहिनीत पोचते, भिंतीला घासत लोळते, वेग मंदावतो, तिच्यावरचा व्हीएलए-4 नावाचा रेणू भिंतीवरच्या व्हीकॅम-1 ला धरतो आणि ती थांबते, चपटी होते, आणि चक्क रक्ताच्या प्रवाहाच्या उलट दिशेने सरपटत जागा शोधत भिंतीतून पलीकडे जाते. हे कल्पनेतलं वर्णन नाहीये, 2009 मध्ये जर्मनीतल्या एका गटाने जिवंत उंदरांच्या मज्जारज्जूच्या आवरणात मायक्रोस्कोपने हे सरपटणं प्रत्यक्ष बघून प्रसिद्ध केलंय.

पण सोसायटीच्या गेटमधून आत आलं म्हणजे फ्लॅटमध्ये शिरलं असं होत नाही. वाहिनीच्या भिंतीपलीकडे एक अरुंद पोकळी असते आणि तिच्या पुढे अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या, मज्जापेशींना आधार देणाऱ्या पेशींच्या पायांचा दुसरा थर. त्या पोकळीत मॅक्रोफेज (कचरा आणि जंतू गिळणाऱ्या पेशी) आणि डेंड्रिटिक सेल बसलेल्या असतात आणि त्या टी सेलला पुन्हा एकदा तुकडे दाखवतात, तिथे जुळणारं काही सापडलं नाही तर ती टी सेल मरते किंवा निघून जाते, काही बिघडत नाही, आपल्या सगळ्यांच्या मेंदूभोवती अशी गस्त रोज चालू असते. जुळलं मात्र, तर ती दुसऱ्यांदा पेटते आणि इंटरफेरॉन गॅमा, आयएल-17, जीएम-सीएसएफ असे रासायनिक निरोप सोडायला लागते. त्याने वाहिनीची भिंत सैल पडते, रक्तातून मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी आत येतात, मेंदूत आधीपासून राहणारी मायक्रोग्लिया ही राखणदार पेशी रूप बदलते, ती टीएनएफ आणि आयएल-1 हे निरोप सोडते, त्याने अ‍ॅस्ट्रोसाइटही बिथरतात, आणि या सगळ्यात मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण सोललं जातं. आवरण गेलं की सिग्नल रखडतो, बहिणीला लाल रंग फिका दिसला तो त्यामुळे. मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की टी सेल एकटी फार काही मोडत नाही, मोडतोड तिने बोलावलेल्या आणि चिथावलेल्या पेशी करतात.

म्हणूनच इम्युनिटी वाढवण्याच्या बाबतीत मी स्पष्ट सांगते, एमएसमध्ये हे उद्दिष्टच चुकीचं आहे. अमेरिकेत एमएसच्या 18 पेशंटना इंटरफेरॉन गॅमा देऊन बघितलं होतं, 1987 ला त्याचा निकाल आला, उपचार चालू असतानाच त्यातल्या सात जणांना अ‍ॅटॅक आले आणि तो प्रयोग तिथेच थांबला. इम्युनिटीचा एक निरोप वाढवला आणि आजार भडकला. उलट्या बाजूनेही फसगत झालीये, टीएनएफ सूज वाढवतो म्हणून तो रोखणारं लेनरसेप्ट नावाचं औषध एमएसमध्ये वापरलं तर अ‍ॅटॅक कमी व्हायच्या ऐवजी वाढले, कारण तोच टीएनएफ दुसऱ्या रिसेप्टरमार्फत (निरोप पकडणारा पेशीवरचा रेणू) दुरुस्तीलाही मदत करतो. सरसकट वाढवणं किंवा सरसकट दाबणं दोन्ही महागात पडतं, नेमका कुठला संवाद तोडायचा ते कळावं लागतं. गुळवेलीबद्दल वेगळी काळजी अशी की मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये ती घेतल्यावर लिव्हरला सूज आलेल्या सहा पेशंटची नोंद छापली, ती सूजसुद्धा ऑटोइम्यून, म्हणजे आपल्याच इम्युनिटीने केलेल्या हल्ल्याच्या, प्रकारची दिसत होती. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही हेही सांगायला हवं, पण जिला आधीच ऑटोइम्यून आजार आहे आणि लिव्हरवर ताण आणणारी औषधं सुरू व्हायचीयेत तिच्यावर हा धोका कशाला घ्यायचा? मी तरी बंद करा म्हणेन. घरचं साधं जेवण, व्हिटॅमिन डी तपासून कमी असेल तर गोळी, आणि घरात कोणी सिगरेट ओढत असेल तर ती बंद, कारण धुराने एमएस बिघडतो हे नक्की माहिती आहे.

प्रश्न : मी एमएस्सी बायोटेकला आहे. आमच्या पुस्तकात एमएस हा टी सेलचा आजार म्हणून दिलाय, उंदरांचं मॉडेलही तसंच. मग आता सगळीकडे बी सेल मारणारी औषधं का देतात? आणि ती इतकी चालतात कशी? — एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : छान प्रश्न, या विषयातल्या मोठ्या लोकांनाही याने बुचकळ्यात टाकलं होतं. बी सेलवर औषध वापरायचा मूळ विचार असा होता की बी सेलपासून प्लाझ्मा सेल होतात, त्या अँटिबॉडी बनवतात, अँटिबॉडी मायलिन खराब करत असणार, तर बी सेल काढू. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टीफन हाउझर यांच्या गटाने 104 पेशंटवर रिटुक्सिमॅब हे बी सेल मारणारं औषध वापरून बघितलं, 2008 ला निकाल आला, एमआरआयवरच्या ताज्या सुजेच्या डागांमध्ये 91 टक्के घट. आता यातली गंमत बघ. रिटुक्सिमॅब पकडतं बी सेलवरच्या सीडी20 नावाच्या प्रथिनाला, आणि प्लाझ्मा सेलवर सीडी20 नसतंच, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी जागच्या जागी, अँटिबॉडीचं प्रमाणही फारसं हललं नाही, आणि तरी काही आठवड्यांत सूज उतरली. मूळ विचार चुकला पण औषध चाललं, आणि त्यातून खरा प्रश्न पुढे आला की बी सेल अँटिबॉडीशिवाय काय करत होती.

ती टी सेलशी बोलत होती. बी सेल तुकडे दाखवण्यात पटाईत असते, आयएल-6, जीएम-सीएसएफ सोडते. झुरिकच्या एका गटाने 2018 ला दाखवलं की एमएसच्या पेशंटच्या रक्तात मेमरी बी सेलच्या सान्निध्यात टी सेल बाहेरून कुणी काही न दाखवताही वाढायला लागतात, बी सेल काढल्या की ते वाढणं मंदावतं, आणि त्या वाढणाऱ्यांपैकी काही टी सेल त्याच पेशंटच्या मेंदूतल्या डागांत सापडतात. म्हणजे तुझं पुस्तक खोटं नाही, टी सेल आहेच, फक्त तिला पेटतं ठेवणारी जोडीदार पुस्तकात नव्हती. उंदरांच्या मॉडेलचं म्हणशील तर तिथे मायलिनचं प्रथिन टोचून टी सेल मुद्दाम जागी करतात, त्यामुळे बी सेलची गरज बऱ्याचदा लागतच नाही आणि म्हणून ती दिसलीही नाही.

सगळ्या बी सेल एकसारख्या वाईट असंही समजू नकोस. अटासिसेप्ट नावाचं औषध बी सेल आणि प्लाझ्मा सेल जगवणारे निरोप तोडतं, कागदावर ते अजून चांगलं दिसत होतं, पण 2009 ला त्याची एमएसमधली ट्रायल मधेच थांबवावी लागली कारण अ‍ॅटॅक वाढत होते. सूज शांत करणाऱ्या आयएल-10 बनवणाऱ्या प्लाझ्मा सेलही असतात, त्या त्यात गेल्या असाव्यात हे स्पष्टीकरण मला पटतं.

आणि एबस्टाइन-बार विषाणूचं वाच, नक्की वाच. हा विषाणू बी सेलमध्येच आयुष्यभर मुक्काम करतो. अमेरिकन सैन्यातल्या एक कोटीहून जास्त लोकांचे वीसेक वर्षांत साठवलेले रक्ताचे नमुने होते, त्यावरचा अभ्यास जानेवारी 2022 ला आला. पुढे एमएस झालेल्यांपैकी 35 जण पहिल्या नमुन्याच्या वेळी या विषाणूपासून मुक्त होते, त्यातल्या 34 जणांना एमएसच्या आधी त्याचा संसर्ग झालेला निघाला. संसर्गानंतर एमएसचा धोका 32 पट. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या गटाने विषाणूच्या ईबीएनए-1 प्रथिनाशी जुळणारी अँटिबॉडी मेंदूतल्या ग्लियलकॅम नावाच्या प्रथिनालाही चिकटते हे दाखवलं. अर्थात हा विषाणू मोठ्या माणसांमध्ये जवळपास सगळ्यांनाच येऊन गेलेला असतो आणि एमएस फारच थोड्यांना होतो, तेव्हा त्याच्याबरोबर एचएलएची जनुकं (पेशी कुठले तुकडे दाखवणार ते ठरवणारी) आणि इतर गोष्टी लागतातच.

प्रोजेक्टसाठी विषय शोधत असशील तर भारतातल्या न्यूरोलॉजी वॉर्डात जा. इथे रिटुक्सिमॅबच्या देशी बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारख्याच आवृत्त्या, 2007 पासून मिळतात, ऑक्रेलिझुमॅब हे तसंच सीडी20 पकडणारं औषध परवडत नाही म्हणून एमएसमध्ये त्याच खूप वापरल्या जातात, आणि सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी तपासावाच लागतो कारण बी सेल गेल्या की दडलेला विषाणू उठतो.

प्रश्न : वडिलांना टीबीचा मेंदूज्वर झालाय. टीबीची औषधं आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू आहे. आधी बरं वाटलं, तिसऱ्या आठवड्यात परत डोकेदुखी, उलट्या, आणि स्कॅनमध्ये नवीन गाठ दिसली. नातेवाईक म्हणतात स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती गेली म्हणून टीबी वाढला. स्टेरॉइड बंद करायला सांगू का? — एक मुलगा, नाशिक

उत्तर : नका, कृपा करून नका. एकदम बंद केलेलं स्टेरॉइड जिवावर बेतू शकतं. पण उलट्या आणि डोकेदुखी परत आलीये हे आजच्या आज डॉक्टरांना कळवा, वाट बघू नका.

टीबीचा जंतू श्वासातून फुप्फुसात जातो, तिथून रक्ताने मेंदूच्या आवरणाखाली छोटा ठिपका होऊन बसतो. हे रिच आणि मॅकॉर्डॉक या दोघांनी 1933 ला शवविच्छेदनात शोधलं, म्हणून त्याला रिच फोकस म्हणतात. तो ठिपका फुटून मेंदूभोवतीच्या पाण्यात सांडला की मेंदूज्वर. जंतूभोवती मॅक्रोफेज जमतात, टी सेल त्यांना इंटरफेरॉन गॅमा देऊन जोर देतात, मॅक्रोफेज टीएनएफ सोडतात आणि गाठ बांधून जंतूला कोंडतात, इथवर सगळं भल्याचंच आहे, टीएनएफ नसता तर जंतू मोकाट सुटला असता. पण मेंदूच्या तळाशी जागा फार थोडी. तिथे या पेशींचा आणि प्रथिनांचा घट्ट चिकट थर जमला की त्यातून जाणाऱ्या नसा दबतात म्हणून डोळा तिरळा होतो, रक्तवाहिन्यांना सूज येऊन त्या बुजतात म्हणून लकवा येतो, पाण्याचा रस्ता अडतो म्हणून डोक्यात पाणी साठतं आणि ते काढून द्यायला शंट नावाची नळी टाकावी लागते. या आजारात माणसाचं जे नुकसान होतं त्यातलं बरंच जंतूपेक्षा या गर्दीने होतं.

आता तिसऱ्या आठवड्यातलं बिघडणं. औषधांनी जंतू मरतात तेव्हा त्यांचे तुकडे सुटतात, इकडे आजाराने थकलेली प्रतिकारशक्ती सावरायला लागलेली असते, ती त्या तुकड्यांवर तुटून पडते आणि नवीन गाठ दिसते किंवा जुनी फुगते. डॉक्टर याला पॅराडॉक्सिकल रिअ‍ॅक्शन म्हणतात. म्हणजे नातेवाईक म्हणतात त्याच्या बरोबर उलटं, प्रतिकारशक्ती जास्त झाली म्हणून बिघडलं, आणि अशा वेळी स्टेरॉइड बऱ्याचदा वाढवावं लागतं. अर्थात हे गृहीत धरून चालत नाही, गोळ्या नीट पोटात जातायत का आणि जंतू औषधाला दाद देतोय की रेझिस्टंट आहे हे आधी तपासावं लागतं, ते डॉक्टरांना नक्की विचारा.

व्हिएतनाममध्ये 545 पेशंटवर डेक्सामेथासोनची ट्रायल झाली, 2004 ला छापून आली, नऊ महिन्यांत नुसत्या टीबीच्या औषधांवर 41 टक्के लोक दगावले आणि डेक्सामेथासोन दिलेल्यांत 32 टक्के. आजार किती भयंकर आहे ते या दोन्ही आकड्यांत दिसतं, पण शंभरात नऊ जीव वाचणं ही लहान गोष्ट नाही. गंभीर अपंगत्व मात्र त्याने ठळक कमी झालं नाही. आणि एचआयव्ही असलेल्यांमध्ये व्हिएतनाम आणि इंडोनेशियात वेगळी ट्रायल झाली, 2023 च्या त्या निकालात डेक्सामेथासोनचा तसा फायदा दिसला नाही, बहुधा तिथे पेशींची गर्दीच वेगळी असते म्हणून. वडिलांना गुंगी, दोन-दोन दिसणं, हातापायात कमजोरी, फिट यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : माझी भाची 19 वर्षांची. पंधरा दिवसांत असंबद्ध बोलायला लागली, झोप उडाली, कुणीतरी मारायला आलंय म्हणायची, तोंडाच्या विचित्र हालचाली. देवऋषी झाले, मानसोपचार झाले, शेवटी फिट आली तेव्हा न्यूरोकडे नेलं तर त्यांनी पोटाची सोनोग्राफी करून अंडाशयात गाठ असल्याचं शोधलं. मेंदूचा आणि अंडाशयाचा काय संबंध? — एक मावशी, कोल्हापूर

उत्तर : मावशी, हे वाचून खूप वाईट वाटलं आणि तितकंच बरंही वाटलं की वेळेत पोचलात. या आजाराला अँटि-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस म्हणतात, जोसेप डालमाउ यांच्या गटाने 2007 ला तो ओळखून दाखवला, त्यांच्या पहिल्या 12 जणी सगळ्या अशाच तरुण बायका होत्या ज्यांना टेराटोमाची गाठ होती. त्याआधी अशा किती मुली वेड्या ठरल्या असतील याचा विचार करवत नाही.

संबंध असा. टेराटोमा ही विचित्र गाठ असते, तिच्यात केस, दात, आणि कधी मज्जातंतूंची ऊतीसुद्धा तयार होते, आणि त्या ऊतीवर मेंदूत असतात तेच एनएमडीए रिसेप्टर असतात. तिथे मरणाऱ्या पेशींचे तुकडे डेंड्रिटिक सेल लिम्फ नोडमध्ये नेते, टी सेलच्या मदतीने बी सेल पिकते, प्लाझ्मा सेल होते, काही प्लाझ्मा सेल मेंदूच्या पाण्यात येऊन राहतात आणि तिथेच बसून अँटिबॉडी बनवतात. वर एमएसमध्ये आवरण सोललं जातं असं लिहिलंय, इथे तसं होत नाही. ही अँटिबॉडी दोन रिसेप्टरना एकत्र बांधते आणि पेशी ते आत ओढून घेते, पृष्ठभागावर रिसेप्टर कमी उरतात, आणि स्मृती, भान, वागणं सगळं ढासळतं. पेशी मात्र बहुतेक जिवंत असतात! म्हणून अँटिबॉडी हटली की रिसेप्टर परत वर येतात. 577 पेशंटचा मोठा अभ्यास 2013 ला आला, त्यात दोन वर्षांत 81 टक्के लोक बऱ्यापैकी स्वतःच्या पायावर उभे राहिले.

सुधारणा हळू होते, महिने लागतात, सगळ्यात आधी गेलेलं वागणं सगळ्यात शेवटी ताळ्यावर येतं, तेवढा वेळ तिला द्या. गाठ सगळ्यांनाच असते असंही नाही, लहान मुलांमध्ये आणि पुरुषांमध्ये क्वचितच. आणि वाचणाऱ्या सगळ्यांना सांगते, तरुण माणसात काही दिवसांत वेडसरपणा, त्याबरोबर फिट किंवा तोंडाच्या हालचाली किंवा ताप असं दिसलं तर थेट न्यूरोलॉजिस्ट.

प्रश्न : बायकोच्या पाठीतलं पाणी काढायचं म्हणतायत. सीबीसी, ईएसआर सगळं नॉर्मल आहे मग सूज कुठली? आणि पाणी काढलं की माणूस लुळा पडतो म्हणे. — एक वाचक, लातूर

उत्तर : लुळा पडत नाही. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली घालतात. एक-दोन दिवस डोकं दुखू शकतं, काहींना थोडं जास्त, बास. ही भीती फार लोकांचं निदान लांबवते म्हणून ठासून सांगतेय.

रक्त नॉर्मल असणं यात नवल नाही कारण ही सूज मेंदूच्या कप्प्यात असते, ईएसआरला तिचा पत्ताही लागत नाही. पाण्यात पेशी मोजतात, आणि ऑलिगोक्लोनल बँड बघतात, म्हणजे रक्तात नसलेल्या अँटिबॉडी पाण्यात आहेत का, असतील तर बी सेलच्या वंशातल्या पेशी आत मुक्काम करून आहेत हे कळतं. रक्ताची एक तपासणी मात्र जरूर विचारा, अ‍ॅक्वापोरिन-4 ची अँटिबॉडी, मेयो क्लिनिकच्या गटाने 2004 ला शोधलेली. ती निघाली तर आजार एमएस नसून न्यूरोमायलायटिस ऑप्टिका असतो, तिथे अँटिबॉडी आणि कॉम्प्लिमेंट (रक्तातली पेशी फोडणारी प्रथिनं) मिळून अ‍ॅस्ट्रोसाइट मारतात, आणि एमएसची काही औषधं, बीटा इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड, नॅटालिझुमॅब, त्यात आजार वाढवतात. नाव चुकलं तर उपचारच उलटतो.

प्रश्न : मला एमएस होऊन बरीच वर्षं झाली. औषधं नियमित, अ‍ॅटॅक बंद, एमआरआयवर नवीन डाग नाही, डॉक्टर खूष. पण चालणं दरवर्षी थोडं कमी होतंय. मी खोटं बोलतेय असं घरच्यांना वाटतं. — एक वाचक, ठाणे

उत्तर : तुम्ही अजिबात खोटं बोलत नाही आहात, हे पान घरच्यांना वाचायला द्या.

अ‍ॅटॅक येतो तो रक्तातून नव्याने येणाऱ्या पेशींमुळे, आणि आत्ताची औषधं तिथे उत्तम काम करतात. नॅटालिझुमॅब वर सांगितलेली व्हीएलए-4 ची पकडच रोखतं, पेशी भिंतीवर थांबतच नाही. त्याची किंमतही कळलीये, 2004 ला मंजूर झालेलं ते औषध फेब्रुवारी 2005 मध्ये मागे घ्यावं लागलं कारण मेंदूतली गस्त बंद झाल्यावर जेसी नावाचा विषाणू काही पेशंटमध्ये उठला, 2006 मध्ये कडक देखरेखीखाली ते परत आलं. पण जुन्या एमएसमध्ये काही पेशी आत कायमच्या राहायला आलेल्या असतात. मेंदूच्या आवरणात बी सेलचे पुंजके बनतात, आणि जुन्या डागांच्या कडेला मायक्रोग्लिया लोह साठवून वर्षानुवर्षं धुमसत राहते, डाग कणाकणाने पसरतो. खास प्रकारच्या एमआरआयवर ती कड काळी दिसते, नेहमीच्या रिपोर्टमध्ये बहुतेक वेळा लिहिलेली नसते. मायक्रोग्लिया ही रक्तातून येत नाही, गर्भाच्या अगदी सुरुवातीला योक सॅकमधून मेंदूत गेलेली आणि तिथेच आपली संख्या राखणारी पेशी आहे ती, 2010 ला उंदरांत हे स्पष्ट झालं, त्यामुळे रक्तातल्या पेशी आवरणारं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. अँटिबॉडीचं औषध तर आकाराने मोठं, मेंदूत फारच थोडं जातं.

म्हणून आता मेंदूत शिरणाऱ्या छोट्या रेणूंवर काम चाललंय. टोलेब्रुटिनिब हे बीटीके नावाचं एन्झाइम रोखतं, ते बी सेलमध्ये असतं आणि मायक्रोग्लियातही. तुमच्यासारखाच, अ‍ॅटॅक नसलेला पण हळूहळू वाढणारा आजार असलेल्या 1,131 लोकांवर त्याची ट्रायल झाली, 2025 च्या निकालात अपंगत्व वाढलेल्यांचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत सुमारे 23 टक्के आणि न घेणाऱ्यांत 31 टक्के निघालं. थांबलं नाही, मंदावलं. आणि लिव्हरला गंभीर त्रास काही जणांना झाला, एक पेशंट लिव्हर ट्रान्सप्लांटनंतरच्या गुंतागुंतीत गेला, त्यामुळे आशा ठेवा पण इंटरनेटवरून मागवायच्या भानगडीत पडू नका.

तोपर्यंत फिजिओथेरपी सोडू नका, आणि दरवर्षी एकदा ठरावीक अंतर चालायला किती वेळ लागतो ते डॉक्टरांकडून मोजून फाइलला लावून घ्या, एमआरआय जे बोलत नाही ते हा आकडा बोलतो. मे महिन्यात पाय जास्त जड होत असतील तर तो उष्णतेचा परिणाम, मायलिन गेलेल्या तंतूत गरमीने सिग्नल अजून रखडतो, थंड झाल्यावर परत येतो, नवीन इजा नव्हे. अचानक बिघडलं तर आधी लघवीची तपासणी करा, साधा यूरिन इन्फेक्शनही जुनी लक्षणं वर काढतो. आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे, यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन भरता येतो, तपासणी सरकारी हॉस्पिटलच्या बोर्डापुढे होते, तिथे जाताना ती चालण्याच्या नोंदींची फाइल सोबत न्या.